शेपूवरची खोटी सही

भिंगकाका नाकावर माशी बसू न देणाऱ्यांपैकी होते. पुढे त्याच नाकावर माशी बसावी म्हणून ते पाऊण तास उताणे पडून राहिले आणि शेजाऱ्यांनी डॉक्टरांना फोन केला, ही गोष्ट खरी आहे. पण ती यथावकाश येईलच.

भिंगकाकांनी बँकेत चौतीस वर्षं एकच काम केलं. सह्या ताडून बघायच्या. आलेला कागद डाव्या हाताला, नमुन्याचं कार्ड उजव्या हाताला आणि मध्ये भिंग. सही जुळली की निळ्या पेन्सिलीची बारीक टिक, नाही जुळली की कागद परत. "चेहरा ओळखू नका, सही ओळखा," हे वाक्य ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. एकदा त्यांनी खुद्द मॅनेजरची सही परत पाठवली होती, तीही मॅनेजर समोर उभे असताना. बिचाऱ्यांना त्या दिवशी ताप होता. भिंगकाकांचं म्हणणं असं की, ताप आलेल्या माणसानं रजा घ्यावी, सही करू नये. असा माणूस निवृत्त झाला की घरात काय होतं, हे काकूंनाच विचारावं. पहिल्या महिन्यात त्यांनी दुधाच्या दोन पिशव्यांवरचे शिक्के ताडून बघितले आणि एक पिशवी परत पाठवली.

काकूंचं मात्र बरं चाललं होतं, आणि त्याचं कारण होतं शेपू. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला. काकू म्हणाल्या, उद्या. हा उद्या चार महिने उजाडला नाही. मग एके दिवशी त्यांनी खिडकीतून शेपूचं बी खाली भिरकावलं. इमारतीच्या मागे, फुटक्या कुंड्या आणि दगड झालेली सिमेंटची गोणी जिथे पडली होती, तिथे ते उगवलं. उगवलं म्हणजे पाणी घालणं आलं, आणि पाणी घालायचं म्हणजे चौदा पायऱ्या उतरणं आलं. पहिल्या दिवशी त्यांना अर्धा तास लागला. शेपू गुडघ्याएवढा झाला तेव्हा काठी सुटली. घरात शेपू कोणाला आवडत नसल्यामुळे तो बिनधोक वाढला, फुलावर आला, बी सांडून पुन्हा पुन्हा उगवला, आणि त्या पिवळ्या छत्र्यांशेजारी बुटकं स्टूल टाकून काकू रोज सकाळी तासभर बसू लागल्या. भिंगकाका तेव्हा नोकरीत होते. ते त्या बाजूला कधी गेले नव्हते.

आणि मग सेक्रेटरींची सूचना फळ्यावर लागली. "मागील बाजूस गांधीलमाश्यांचा प्रादुर्भाव झाल्याने शनिवार दिनांक वीस रोजी तेथील झाडोरा काढून औषधफवारणी करण्यात येईल." तक्रार तळमजल्यावरच्या गाण्याच्या बाईंची होती. त्यांची खिडकी त्याच बाजूला उघडे. त्यांचा एक धिप्पाड शिष्य तान घेत असताना पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं काहीतरी तोंडासमोर तरंगत राहिलं आणि तो तान अर्ध्यात टाकून जो पळाला, तो फिरकलाच नाही.

काकूंनी सूचना वाचली. घरी येऊन कोपऱ्यातली काठी पुसून दाराजवळ आणून ठेवली. भिंगकाकांना ते सगळ्यात जास्त लागलं.

"मी बघतो," ते म्हणाले.

"चौतीस वर्षं बघतोच म्हणताय," काकू म्हणाल्या. "आता खरंच बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगकाका भिंग घेऊन शेपूसमोर वाकले. पट्टे होते. पिवळे-काळे, झोकदार, अगदी गांधीलमाशीचे. पण चौतीस वर्षांची नजर काही उगीच नसते. खोटी सही करणारा मोठ्या अक्षरात चुकत नाही, तो बारक्या जागी चुकतो, हे त्यांना पाठ होतं. म्हणून त्यांनी पट्टे सोडले आणि बारक्या जागा बघितल्या. गांधीलमाशीला पंख चार, हिला दोन. गांधीलमाशीच्या मिशा लांब, हिच्या नुसत्या ठिपक्याएवढ्या. कंबर जाडी. डोळे तर सगळं डोकं भरून. भिंगकाका ताठ झाले.

"खोटी सही!" ते ओरडले. "अगं, ही गांधीलमाशी नाहीच! ही साधी माशी आहे. हिला डंखच नाही. दुसऱ्याची सही मारून पोट भरते आहे!"

"मग तुम्ही काय करणार? परत पाठवणार?" काकूंनी विचारलं.

प्रश्न अडचणीचा होता. सगळा जन्म खोट्या सह्या पकडण्यात गेला, आणि आता एका बनावट सहीवालीची बाजू घ्यायची वेळ आली होती. पण दाराजवळची काठी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. भिंगकाकांनी तत्त्वाला तात्पुरती रजा दिली.

सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमचा शब्द मला प्रमाण. फक्त लेखी आणा." लेखी कुठून आणायचं, तर नगरपालिकेच्या कचेरीतून. तिथे खिडकी क्रमांक चारवरच्या कारकुनानं शांतपणे सांगितलं की, फवारणी थांबवायला अर्ज लागतो, पण माशीसाठी अर्ज नाही. कुत्र्याचा आहे. तोच भरा. भिंगकाकांनी वाचला. प्राण्याचे नाव. जात. रंग. चावतो का, होय किंवा नाही. लस टोचल्याचा दाखला. फोटो तीन, समोरून, डावीकडून आणि उजवीकडून.

"लस?" भिंगकाकांनी विचारलं.

"तिथे 'लागू नाही' लिहा. पण जात नीट लिहा. नुसतं 'माशी' चालणार नाही. नुसतं 'माणूस' लिहून तुमचं लायसन्स निघेल का? आणि जाणकाराचा अभिप्राय जोडा. आणि हो, अर्जदाराची सही बँकेकडून पडताळून आणा."

शेवटची अट ऐकून भिंगकाकांना भरून आलं. जगात अजून काही व्यवस्था शिल्लक होती.

जाणकार सापडला तो फोनवर. बागेतल्या किड्यांचे फोटो लोक एका ठिकाणी टाकतात आणि माहीतगार मंडळी नावं सांगतात, असा एक गट होता. तिथे माश्यांचं खातं सांभाळणाऱ्या बाईंनी स्वतःला 'दोनपंखी' असं नाव घेतलं होतं. भिंगकाकांनी चार दिवसांत वीस फोटो काढले, त्यांना क्रमांक दिले, पट्ट्यांवरून पाच जाती पाडल्या, प्रत्येक जातीला वेगळं पाकीट केलं आणि तीन पानी पत्रासह पहिले बारा फोटो पाठवले. उरलेले आठ इतके उघड होते की तज्ज्ञाला त्रास कशाला द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. कुठे माशी शिंकली ते सांगायचं झालं तर इथे शिंकली.

दोनपंखीबाईंचं उत्तर तीन पानी नव्हतं.

"एक, दोन, पाच, सहा हलले आहेत. तीन आणि चार एकाच जातीचे नर आणि मादी. नराचे डोळे माथ्यावर चिकटलेले असतात, मादीच्या डोळ्यांत फट असते. सात, आठ, दहा त्याच. नऊसुद्धा तीच, फक्त ढग आले होते. अकरा माशी नाही, शेपूची बी आहे. बारामध्ये तुमचा अंगठा आहे."

भिंगकाकांनी दिवसभर पाचही पाकिटं पुन्हा उपसली. संध्याकाळी स्वतःशीच म्हणाले, "नवरा-बायकोची वेगवेगळी खाती उघडून बसलो!"

"आणि बीचंही," काकू म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवशी बाईंनी आणखी दोन ओळी पाठवल्या, आणि त्यांनी आशा वाढवली. "तुमची माशी दोन जातींपैकी एक आहे. दोघी जुळ्या बहिणींसारख्या. पाठीवरून सांगता येत नाही. एकीच्या तोंडावर मधोमध काळी रेघ असते, दुसरीचं तोंड स्वच्छ पिवळं. चेहऱ्याचा फोटो पाठवा, मी नाव लिहून देते."

ज्या माणसानं आयुष्यभर चेहरा ओळखू नका म्हणून सांगितलं, त्याच्यावर चेहरा शोधायची पाळी आली. माशी आपला चेहरा सहजासहजी दाखवत नाही. समोर गेलं की ती पाठ फिरवते, पाठीमागे गेलं की उडून पुन्हा पाठ फिरवते. आता हे सगळं इमारतीला दिसत होतं, आणि इमारतीला दिसलं म्हणजे सल्ले आलेच. तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर म्हणाले, फोनच्या वजनाचा तोल चुकतोय, आणि त्यांनी एक पट्टी, दोन चिमटे आणि झाडूचा दांडा जोडून एक यंत्र करून दिलं. ते उघडताच शेपूची एक छत्री मोडली. तळमजल्यावरचे घड्याळवाले म्हणाले, "गारठवा हो. घड्याळसुद्धा थंडीत मंद चालतं." म्हणून भिंगकाकांनी एक माशी डबीत घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली. दहा मिनिटांत काकूंना लोण्याची डबी हवी होती. माशीला जाग आली आणि ती पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरात राहिली.

मग भिंगकाकांनी स्वतः डोकं चालवलं. माशीला गोड आवडतं. नाकावर साखरेचं पाणी लावायचं, शेपूखाली उताणं पडायचं, फोनचा पुढचा कॅमेरा तोंडावर धरायचा. माशी नाकावर बसेल, कॅमेऱ्याकडे बघेल, आणि आपण बटण दाबू. योजनेत दोष नव्हता. फक्त, हलायचं नाही हे त्यांनी इतकं मनावर घेतलं की पाऊण तासानं गाण्याच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं, तेव्हा त्यांना नाकावर मुंग्या असलेला, डोळे उघडे ठेवून पडलेला, निपचित शेजारी दिसला. बाईंनी तार सप्तकात किंकाळी फोडली. डॉक्टर आले. त्यांनी नाडी बघितली, नाक बघितलं, आणि साखर कमी करा म्हणाले.

बाई घाबरलेल्या होत्या आणि घाबरलेलं माणूस चिडतं. "काका, तुमच्या त्या माश्यांपायी एक दिवस कोणाचा तरी जीव जाईल. माझ्याकडे आता दोनच विद्यार्थी उरलेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरंच भरले होते. भिंगकाकांना त्यांचा राग येईना. त्यामुळे पंचाईत आणखी वाढली.

दिवस पंधरा झाले. काकूंनी या सगळ्यात स्टुलावर बसायचं काही सोडलं नव्हतं. त्या दिवशी ऊन चढल्यावर भिंगकाका पाणी प्यायला घरी गेले आणि फोन काकूंच्या मांडीवर राहिला. परत आले तेव्हा काकूंचा डावा हात गुडघ्यावर स्थिर होता, बोटावर घामाचा थेंब होता, आणि त्या थेंबाला तोंड लावून एक माशी निवांत बसली होती. काकूंच्या उजव्या हातात फोन होता.

"ओरडू नका," काकू हळूच म्हणाल्या. "ही रोज येते. मी हलत नाही ना, म्हणून घाबरत नाही."

फोटोत चेहरा होता. पिवळा, स्वच्छ, रेघेचा मागमूस नसलेला. दोनपंखीबाईंनी तासाभरात पूर्ण नाव पाठवलं. नाव लांबलचक आणि परक्या भाषेतलं होतं, औषधाच्या बाटलीवर असतं तसं. सोबत तारीख घालून अभिप्रायही होता: डंख नाही, माणसाला निरुपद्रवी, हिच्या अळ्या झाडावरचा मावा खातात. खाली एक ओळ होती. "इतका चांगला चेहरा क्वचित मिळतो. अभिनंदन."

भिंगकाकांनी ते अभिनंदन स्वतःकडे ठेवून घेतलं. अर्जदार म्हणूनही स्वतःचंच नाव घातलं. त्यात लबाडी नव्हती. घरातला प्रत्येक कागद तेच भरत, हात आपोआप तसाच चालला.

इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण अपमान धुऊन काढायचा म्हणजे चारचौघांत धुवायला हवा. त्यांनी पाकिटांतून आपला सर्वांत देखणा फोटो निवडला, सतरा नंबरचा, न पाठवलेल्या आठांपैकी. तो वहीएवढा मोठा करून सेक्रेटरींच्या सूचनेशेजारी चिकटवला आणि खाली लिहिलं, "ही गांधीलमाशी नव्हे." मग सेक्रेटरी आणि गाण्याच्या बाईंना शेपूपाशी घेऊन गेले.

"अहो, राहू दे ना," काकू म्हणाल्या. "सगळ्याच काही—"

"तू बस गं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं," भिंगकाकांनी पाहुण्यांकडे वळून सुरुवात केली. "हे पट्टे पाहून आपण घाबरतो. का? कारण आपण मोठं अक्षर बघतो. आता मी हिला हातावर घेतो. उजव्या. बघा बाई, घाबरायचं काही—"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भिंगकाकांच्या तोंडून जो स्वर निघाला, तो लागावा म्हणून गाण्याच्या बाईंचे विद्यार्थी वर्षानुवर्षं धडपडत होते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधोमध, बरोबर पेन धरायच्या जागी, गांधीलमाशीनं आपली खरीखुरी सही केली होती.

"फवारणी वीस तारखेला, सकाळी नऊ," सेक्रेटरी म्हणाले आणि गेले.

अंगठ्याचं वांगं झालं. भिंगकाकांनी डाव्या हातानं, एकेक अक्षर दाबत, सतरा नंबर दोनपंखीबाईंना पाठवला. उत्तर आलं. "चार पंख, लांब मिशा, बारीक कंबर. ही अस्सल गांधीलमाशी. दोन्हीही एकाच फुलावर येतात. हात कसा आहे?"

ते खुर्चीत टेकले. चौतीस वर्षांत एकही खोटी सही त्यांच्या हातून सुटली नव्हती. आणि इथे त्यांनी एका अस्सल सहीला खोटी म्हणून फळ्यावर लावलं होतं, मोठी करून. त्यांना फार लाज वाटली. कोणी बघत नसताना फोटो काढून आणता आला असता, असं त्यांच्या मनात आलंही. मग ते उठले, खाली गेले आणि "नव्हे" हा शब्द खोडून तिथे लिहिलं, "आहे. चूक माझी." खाली डाव्या हातानं सही केली. ती कोणाचीही वाटत होती. अर्जातही त्यांनी एक ओळ वाढवली: "याच जागी खरी गांधीलमाशीही येते, हे अर्जदाराच्या अनुभवास आले आहे."

शुक्रवार उजाडला. उद्या फवारणी. काकूंनी सकाळी शेपूला नेहमीसारखं पाणी घातलं. भिंगकाका अर्ज घेऊन बँकेत गेले, अठरा पायऱ्या चढून, आपल्या जुन्या टेबलापाशी. तिथे आता त्यांनीच शिकवलेली मुलगी बसत होती. सर आले म्हणून ती उठून उभी राहिली, खुर्ची दिली, पाणी मागवलं. भिंगकाकांनी वांग्यात पेन खोचून सही केली. तिनं कार्ड काढलं, भिंग काढलं, बघितलं. पुन्हा बघितलं. मग तिचा चेहरा पडला.

"सर, जुळत नाही."

"अगं, मी आहे!"

"हो सर. पण चेहरा ओळखू नका, सही ओळखा, असं तुम्हीच..." तिनं कार्ड आणि अर्ज त्यांच्यापुढे सरकवले.

भिंगकाकांच्या डोळ्यांसमोर तापानं फणफणलेले मॅनेजर उभे राहिले. त्यांनी स्वतःची सही उचलली, भिंगाखाली धरली आणि प्रामाणिकपणे तपासली. सुरुवातीचं अक्षर फुगलेलं, मधली रेघ तुटलेली, शेवटचा फराटा उलट्या दिशेला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मीही परत पाठवली असती. शाबास." त्यांनी अर्ज परत घेतला.

"सर, अर्जदार 'जागेची देखभाल करणारी व्यक्ती' हवी असं म्हटलंय," ती मुलगी अर्ज वाचत म्हणाली. "ती तुम्हीच का?"

भिंगकाका हो म्हणणार, एवढ्यात त्यांना अर्जाला जोडलेला फोटो दिसला. चेहऱ्याचा फोटो कोणी काढला, बी कोणी टाकलं, पाणी कोणी घातलं. चौदा पायऱ्या रोज कोण उतरलं. त्यांनी बँकेच्या फोनवरून घरी फोन लावला.

"अगं, येशील का? तुझी सही लागते. पण इथे अठरा पायऱ्या आहेत. आणि कठडा एकाच बाजूला."

"तुम्ही खाली येऊ नका," काकू म्हणाल्या. "माझी मी चढते."

काकू वीस मिनिटांत आल्या. भिंगकाका वरच्या पायरीवर उभे होते आणि मनातल्या मनात मोजत होते. नवव्या पायरीवर काकू थांबल्या, पदरानं कपाळ पुसलं, आणि पुन्हा चढू लागल्या. काठी आणली नव्हती.

नव्या अर्जावर काकूंचं नाव चढलं. वाचता वाचता ती मुलगी म्हणाली, "काकू, खरी गांधीलमाशीही येते असं लिहिलंय. पोळं कुठे आहे ते लिहिलं तर बरं. नाहीतर खिडकी चारवाले परत पाठवतील. माहीत नसेल ना पण?"

"आहे की," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी बघते. शेपूवरून उठते ती सरळ दुसऱ्या मजल्यावर. सेक्रेटरींच्या गॅलरीत तो जुना बंद पडलेला कूलर आहे ना, त्यात."

भिंगकाका उडालेच. "मग बोलली का नाहीस?"

"त्या दिवशी बोलायला गेले, तर तू बस गं म्हणालात. बसले."

मुलीनं हसू दाबलं आणि पेन पुढे केलं. काकूंनी पदराला हात पुसला. "किती वर्षांत केली नाही हो मी सही. सगळं हेच करतात." त्यांनी अर्जावर वाकून, सावकाश, एकेक अक्षर नीट ठेवत सही केली.

जुनं जोडखातं होतं, म्हणून काकूंचं कार्ड होतं. मुलगी आत जाऊन ते शोधून घेऊन आली. कागद पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि भिंग उचललं, मग थांबली.

"सर, या कार्डावर तुमची टिक आहे."

होती. निळ्या पेन्सिलीची, बारीक, तिरकी. एकतीस वर्षांपूर्वीची. भिंगकाकांना तो दिवस आठवला. नवा संसार, नवी बायको, काउंटरवर ही गर्दी. तिनं कार्ड पुढे सरकवलं होतं आणि त्यांनी मान वर न करता टिक मारली होती.

"बघितली होती का तेव्हा तरी?" काकूंनी विचारलं.

लाखो सह्या बघितलेला तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "नाही."

मुलीनं भिंग त्यांच्यापुढे धरलं. नियमात ते बसत नव्हतं. तपासायचं काम तिचं होतं आणि ते ती नंतर करणारच होती. भिंगकाकांनी सुजलेल्या हातात भिंग धरलं, जुन्या सहीवर नेलं, नव्या सहीवर आणलं, पुन्हा मागे नेलं. पहिलं अक्षर जरा वर उचललेलं, पायरी चढताना पाऊल उचलावं तसं. शेवटी एक छोटासा ठिपका. दोन्हीकडे. एकतीस वर्षांत तो जागचा हलला नव्हता.

त्यांना बराच वेळ लागला. रांगेतली माणसं चुळबुळ करू लागली.

"अहो, आवरा," काकू पुटपुटल्या. "जुळत नाही की काय?"

"थांब गं," भिंगकाका म्हणाले. "आत्ता कुठे बघतोय."

शनिवारी सकाळी नऊला फवारणीवाले आले, आदल्या दिवशी खिडकी चारवरून शिक्का मारून आणलेला कागद वाचला, आणि मागे न जाता जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर चढले. सेक्रेटरी दोन दिवस नातेवाइकांकडे राहायला गेले. गाण्याच्या बाईंनी खिडकी उघडली, कारण त्यांच्या गुलाबावर मावा पडला होता आणि माश्यांच्या अळ्या तो खातात असं अभिप्रायात लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. धिप्पाड शिष्यही पुढच्या आठवड्यात परत आला, तोंड बंद ठेवून, म्हणजे जेवढं ठेवता येईल तेवढं.

त्या शनिवारी फवारणीवाले गेल्यावर भिंगकाकांनी दाराजवळची काठी उचलून माळ्यावर टाकली. मग चेहऱ्याच्या फोटोच्या प्रतीमागे, नोंदीसाठी दोनपंखीबाईंनी विचारलेला तपशील भरायला बसले. छायाचित्रकाराचं नाव, या रकान्यापाशी त्यांचा हात सवयीनं पुढे गेला आणि थांबला. त्यांनी पेन काकूंपुढे धरलं.

काकूंनी सही केली. भिंगकाकांनी निळी पेन्सिल शोधून काढली, मान वर करून काकूंकडे बघितलं, आणि मग टिक मारली.